रुचिवंत वडीची बातमी

जन्म ही बातमी नसते. अमरावतीच्या आमच्या दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा सुरुवातीलाच हे शिकवण्यात आले. तिळे झाले तर बातमी. जुळे झाले तर नाही. मूल शेळीच्या तोंडाचे निघाले तर बातमी, पण वार्ताहराने ते स्वतः पाहिलेले असले पाहिजे. तेल्हाऱ्याचे आमचे वार्ताहर अशा मुलाची बातमी दर उन्हाळ्यात पाठवत. आपण पाहिले काय, असे मी उलट टपाली विचारी. ज्याने पाहिले त्याला आपण पाहिले आहे, असे उत्तर येई. ते गृहस्थ सचोटीचे होते. त्यांनी कधी यापुढे दावा केला नाही.

तान्हे मूल दगावणे हीसुद्धा बातमी नसे. याला नियम लागत नव्हता. ती गोष्ट इतकी नेहमीची होती की छापायची ठरवली असती तर जाहिरातींना जागा उरली नसती.

हे सांगण्याचे कारण असे, की पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमच्या अंकात चार ओळींची एक बातमी आली. तिच्यात अकोला, न्यायालय, वडी आणि दंड एवढ्या गोष्टी होत्या. ज्या गोष्टी चार ओळींत बसल्या नाहीत त्या इथे लिहितो.

आधी छापखान्याविषयी. त्या काळी मजकूर हाताने जुळवत. लाकडी खणांच्या पेटीत शिशाचे खिळे असत, एकेका अक्षराचा एकेक. जुळारी हातात पट्टी धरून त्यात खिळे लावत जाई. अक्षरे उलटी, ओळ उलटी. चांगला जुळारी मजकूर वाचत नाही. तो जुळवतो. वाचायला लागला की हात थांबतो, आणि हात थांबला की अंकाची बदनेऱ्याची गाडी चुकते. मी अशी माणसे पाहिली आहेत ज्यांनी स्वतःच्या गावातल्या आगीची बातमी जुळवली आणि जी संध्याकाळी दुसऱ्याकडून ऐकून धावत सुटली. यात नवल काही नाही. हे कामच तसे आहे.

जाहिराती मात्र रोज जुळवायच्या नसत. एकदा जुळवलेली जाहिरात सुतळीने बांधून फळीवर ठेवून देत आणि लागेल तेव्हा उचलून पानात बसवत. काही जाहिराती त्या फळीवर संपादकांपेक्षा जास्त वर्षे टिकल्या.

आमचा मुख्य जुळारी संपत. भातकुलीकडचा, सातवी शिकलेला, बोलायला कमी. छापखाना आणि आमची खोली यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन होते, ते छतापर्यंत पोचत नव्हते, त्यामुळे पलीकडचे सगळे ऐकू येई. संपतचे काही ऐकू येत नसे. छापखान्याच्याच मागच्या गल्लीत तो आई गिरजाबाई आणि बायको कांता यांच्यासह राहत असे. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर या घराने गंडेदोरे, अंगारे, देवऋषी हे सर्व एका दिवसात बंद केले होते. दुखले-खुपले तर दवाखाना, नाही तर छापील लेबल असलेले औषध. गिरजाबाईंनी स्वतः घरातले ताईत विहिरीत टाकले होते आणि हे त्या गल्लीत कोणालाही सांगायला तयार असत.

छापील लेबलांची आमच्याकडे कमतरता नव्हती. जाहिरातदार मालाचे नमुने पाठवत आणि ते वाटून घेण्याची कचेरीत रीत होती. केशतेल संपादकांकडे जाई, त्यांना टक्कल होते. दंतमंजन मुद्रितशोधकाला. अकोल्याच्या एका वैद्यराजांकडून रुचिवंत वडी येई. गरोदरपणातील ओकारी, अन्नाची शिसारी, निद्रानाश यांवर खात्रीचा उपाय. वनौषधींपासून शास्त्रोक्त रीतीने तयार केलेली. हजारो मातांचा अनुभव. ही वडी बरेच दिवस कोणाच्याच कामाची नव्हती. कांताला दिवस गेल्यावर ती संपतच्या वाट्याला आली, आणि कचेरीने ती आनंदाने दिली. वडी हिरवट काळी, वेलदोडा घातलेली, चवीला बरी होती. मुद्रितशोधकाने एकदा अर्धी खाल्ली होती आणि त्या दिवशी त्याने एकही चूक काढली नाही. आम्ही त्याचा अर्थ वेगळा लावला.

वडीचा गुण आला हे मान्य केले पाहिजे. कांताला पाणीसुद्धा ठरत नव्हते, ती जेवू लागली. नमुने संपल्यावर संपत वडी विकत आणू लागला. सकाळी एक, रात्री एक, ती ओकारीचे महिने संपल्यावरही चालू राहिली. ती बंद का करावी असे कोणाला वाटले नाही. गरोदर बाई मागते ते द्यावे, नाही दिले तर मुलाची लाळ गळते, एवढी एक जुनी समजूत त्या घरात शिल्लक होती.

मुलगा झाला तो वेळेआधी आणि वीतभर. दिवसभर झोपे. छातीला लावला तर दोन घोट घेई आणि पुन्हा झोपे. जागा असला की हनुवटी आणि हात थरथरत, भांडे वाजले तर सबंध अंग दचके. बायकांच्या दवाखान्यात नेल्यावर तिथल्या नर्सने एकच प्रश्न विचारला आणि तो गिरजाबाईंना विचारला. आजी, अफू चारली काय?

बाहेरच्या वाचकाला हे सांगितले पाहिजे, की प्रश्न चुकीचा नव्हता. वऱ्हाडात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला गुटीत मोहरीएवढी अफू उगाळून देत आणि झाडाखाली झोळीत निजवत. मूल संध्याकाळपर्यंत उठत नसे. कधी कधी उठतच नसे. झोपाळू मूल आणि शेजारी म्हातारी एवढे दिसले की डॉक्टर, नर्स, पोलीस आणि गल्ली या सर्वांचे निदान एकच होई. बहुतेक वेळा ते बरोबर असे.

गिरजाबाईंनी नाही म्हटले. सगळ्याच म्हाताऱ्या नाही म्हणत. थंडीचे दिवस होते, मुलाची छाती भरली आणि ते गेले. घरात त्यानंतर जे झाले ते फारसे बोलून झाले नाही. कांताने सासूच्या हातचे पाणी घेणे बंद केले. गल्लीतल्या बाया गिरजाबाईंसमोर आपली मुले उचलून घेऊ लागल्या. संपत आईला काही म्हणाला नाही. त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, आणि थोड्या दिवसांनी तिला तेल्हाऱ्याला बहिणीकडे पोचवून आला.

पुढच्या वर्षी कांताला पुन्हा दिवस गेले. यावेळी घराने पूर्ण काळजी घेतली. म्हणजे सासूला दूर ठेवले आणि वडी सुरू केली.

त्याच सुमारास मी एका खटल्यासाठी अकोल्याला गेलो. अबकारी खात्याने एका औषध कारखान्यावर छापा घातला होता. परवान्यापेक्षा जास्त भांग सापडली होती आणि तिच्यावरचा कर भरलेला नव्हता. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक मोठी कढई. मालक म्हणजे आमचे वैद्यराज. पांढरे धोतर, कपाळाला गंध, आवाज खणखणीत. ते न्यायालयात अजिबात घाबरलेले नव्हते. आपल्या वडीत भांग आहे हे त्यांनी लपवले नाही. उलट, लपवल्याचा आरोप त्यांना अपमानाचा वाटला.

"साहेब, भांग काढली तर मागं उरते काय?" ते म्हणाले. "बर्फी. बर्फीनं ओकारी थांबते काय?"

गरोदर बायका ही वडी खातात काय, असे न्यायाधीशांनी विचारले. वैद्यराजांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, चौथ्या महिन्यापर्यंत ओकारीसाठी खातात, पुढं सोडवत नाही म्हणून खातात. तक्रार एकीचीही नाही.

यावर पुढे कोणी काही विचारले नाही, कारण खटला कराचा होता. दंड झाला, वैद्यराजांनी तो तिथेच भरला आणि जाताना माझ्याशी हात मिळवून जाहिरात चालू ठेवा म्हणाले.

मी कचेरीत येऊन बातमी लिहिली. गरोदर बायकांचा भाग तिच्यात होता. संपादकांनी तो काढला. भांगेने मुलाला अपाय होतो हे सिद्ध झाले आहे काय, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही. ते म्हणाले, सिद्ध नाही ते आपण छापत नाही. मग जाहिरातीतला हजारो मातांचा अनुभव सिद्ध आहे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, ती जाहिरात आहे. पत्रकारितेतला हा भेद मला तेव्हा माहीत होता. तरी पुन्हा समजावून घेतला.

उरलेल्या चार ओळी जुळवायला गेल्या. त्या संपतने जुळवल्या. रुचिवंत वडी, भांग, दंड. पार्टिशनच्या पलीकडून खिळ्यांचा आवाज येत होता, तो कुठे अडखळला नाही. थोड्या वेळाने त्याने कच्चा छाप आणून माझ्या टेबलावर ठेवला. चूक एकही नव्हती. त्याने काहीही वाचलेले नव्हते.

मी त्याला थांबवून छाप त्याच्यापुढे केला आणि वाच म्हटले.

"पाह्यलं ना भाऊ. चूक नाई."

"चूक पाहू नको. वाच."

त्याने ओळीखाली बोट धरून वाचले, शाळेतल्यासारखे. भांग या शब्दाशी बोट थांबले. त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग तो आत गेला, फळीवरून वडीची बांधलेली जाहिरात उचलून आणली आणि तिच्यातले नाव छापातल्या नावाशी एकेक अक्षर ताडून पाहिले. सबंध नाव जुळल्यावर त्याने जाहिरात खाली ठेवली. मला वाटले तो बायकोचे नाव घेईल.

"माय खरं सांगून राह्यली होती," तो म्हणाला.

त्याने जाहिरात परत जागेवर ठेवली, कारण ती त्या दिवशीच्या पानात जायची होती. ती गेली. बातमी आणि जाहिरात एकाच पानावर आल्या. वाचकांपैकी कोणी कळवले नाही.

घरी सांगण्यासाठी संपत मला सोबत घेऊन गेला. आपल्याला बोलता येणार नाही असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. कांता भिंतीला टेकून बसली होती, बाजूला ओकारीसाठी राखेची टोपली. तिसरा महिना सरत आला होता. मी बातमीला शोभेल अशा क्रमाने सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मग नवऱ्याकडे पाहून बोलली.

"वडी चांगली हाय हे छापलं कोनं? तुमीच ना? आता वंगाळ हाय हे बी तुमीच म्हणून राह्यले. मी कोनतं खरं धरू?"

तिने पुढे म्हटले की वडी सोडा म्हणणाऱ्यांनी एक दिवस तिच्यासारखे ओकून पाहावे. मग तिने मला विचारले, "त्या लेकराले यानंच झालं काय, भाऊजी?"

मला माहीत नाही, असे मी सांगितले. बातमीदाराला हे वाक्य फार वेळा म्हणता येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या होत्या. अपघातांची माहिती घ्यायला मी त्यांच्याकडे जात असे, त्यामुळे ओळख होती. कांताला आणि संपतला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी वडी हातात घेतली, वास घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवली. मला त्यांनी जे सांगितले ते असे. अफू आईच्या पोटातून मुलाला पोचते हे पुस्तकात आहे. भांगेचे पुस्तकात काही नाही. त्यांच्या पाहण्यात मात्र भांग घेणाऱ्या काही आया आल्या होत्या. त्यांची मुले लहान होती, बरीचशी वेळेआधीची, दचकणारी, थरथरणारी, अंगावर नीट न पिणारी. पण त्या आया उपाशीही होत्या, आणि कमी वजनाला आपल्याकडे कारणांची कमतरता नाही. म्हणून बाई पाहिले ते सांगत होत्या, सिद्ध झाले असे म्हणत नव्हत्या. तेवढ्यावर बातमी होत नाही, हे त्यांनाही माहीत होते.

कांताला त्यांनी थोडक्यात सांगितले. "पहिल्या बाळाचं मला सांगता येणार नाही. खोटं बोलून तुला बरंही वाटायला लावणार नाही आणि वाईटही. पोटात आहे त्याचं सांगते. बंद कर. पुढे अंगावर पाजशील तेव्हाही नको."

कांताने विचारले, मग खाऊ काय? बाईंनी सांगितले, ज्वारीच्या लाह्या, मीठ लावून, चिमूट चिमूट, दिवसभर. लिंबाचं पाणी घोट घोट. एकदम जेवायचं नाही. पाणीही ठरलं नाही तर इथे यायचं, सुईने देऊ. पण चिमूट चिमूट दिवसभर भरवायला घरात कोणी आहे का?

संपत आणि कांता यांनी एकमेकांकडे पाहिले. घरात कोणी नव्हते. का नव्हते हे बाईंना सांगावे लागले नाही. पहिल्या मुलाच्या वेळी त्याच दवाखान्यात हजर असलेल्या नर्सने त्यांना सांगितले असावे.

संपत तेल्हाऱ्याला गेला. तिथले मला त्याच्या तोंडून कळले, म्हणजे अगदी थोडके. गिरजाबाई बहिणीच्या अंगणात तूर पाखडत होत्या. त्याने वडीचे सांगितले, भांगेचे सांगितले, माफ कर म्हटले. त्यांनी सूप खाली ठेवले नाही.

"मले सांगून काय फायदा? मले तं पयलेपासूनच ठाव होतं मी काई देल्लं नाई," त्या म्हणाल्या. "जे गल्लीत बोलले, त्यायले सांग."

गिरजाबाई आल्या. एक अट घालून आल्या. आपल्या हाताने त्या काही देणार नाहीत. लाह्या फोडतील, मीठ लावतील, वाटी समोर ठेवतील. उचलून तोंडात घालायचे ते कांताने. आणि हे दार उघडे ठेवून. गल्लीने पाहावे म्हणून.

वडी सोडल्यावर पहिले काही दिवस कांताला झोप नव्हती, चिडचिड होती, आणि ओकारी दुप्पट झाली. एकदा तिला दवाखान्यात ठेवावे लागले. वडीचा एक तुकडा तिने तांदळात लपवला होता. तो गिरजाबाईंना सापडला. त्यांनी तो काढला नाही, कांताला बोलावून दाखवला आणि तुहं तू पाहाय म्हणून बाहेर जाऊन बसल्या. कांताने त्याचे काय केले हे त्यांनी विचारले नाही, आणि म्हणून मलाही कळले नाही. पाचव्या महिन्यात ती भाकरी खाऊ लागली.

दरम्यान वैद्यराजांनी जाहिरातीत एक ओळ वाढवून मागितली. "सरकारनेही दखल घेतलेली." ती जुळवायला संपतने नकार दिला. आमच्या छापखान्यात नकार ऐकण्याची कोणाला सवय नव्हती. संपादक पार्टिशनच्या पलीकडे गेले आणि काय अडचण आहे म्हणून विचारले.

"चूक हाय त्यात," संपत म्हणाला.

"कोणती?"

"समदीच."

ओळ दुसऱ्याने जुळवली. करार दिवाळीपर्यंतचा होता, जाहिरात दिवाळीपर्यंत चालली. आज डॉक्टर गरोदर बाईला भांग-गांजा नको म्हणून स्पष्ट सांगतात, आणि त्यासाठी पुस्तकाचा आधार देतात. त्या काळी एका डॉक्टरीणबाईंनी ते आधाराविना सांगितले, आणि आम्ही ते छापले नाही. एवढे नोंदवून पुढे जातो.

मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची. वजन डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले, बातमी नसल्याने मी ते टिपून घेतले नाही. चांगले होते एवढे आठवते. दवाखान्यातून निघताना नर्सने सवयीप्रमाणे गिरजाबाईंना बजावले, आजी, अफूबिफू काही चारायची नाही. गिरजाबाई मुलीला घ्यायला पुढे आल्या नाहीत. घरी आल्यावरही कांता समोर असल्याशिवाय त्या मुलीला हात लावत नसत.

मुलीचा आवाज मोठा होता. ती भुकेने रडे, ओली झाली की रडे आणि कारण नसतानाही रडे. कचेरीत पार्टिशनवरून ऐकू येई. मुद्रितशोधकाच्या हातून चुका सुटू लागल्या आणि त्याने संपादकांकडे तक्रार केली. गल्लीलाही दुपारची झोप मिळेना.

एके दिवशी मी कचेरीला जाताना पाहिले, तर गिरजाबाई उंबऱ्याबाहेर बसून तांदूळ निवडत होत्या, आत कांता मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि मुलगी टाहो फोडत होती. समोरच्या घरातली बाई दारात आली. पहिला मुलगा गेल्यावर गिरजाबाईंसमोरून स्वतःचे मूल उचलून नेणाऱ्यांत ती होती. ती वैतागून म्हणाली, "मावशी, लेकरू किती रडून राह्यलं! गुटीत चिमूटभर काई देऊन द्या ना. निजून जाईन."

गिरजाबाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"रडू दे वो बाई," त्या म्हणाल्या. "थे रडते तवरक मले कोनी काई म्हनत नाई."